कोफुन पाहायला जाताना: जपानमधली प्राचीन दफनटेकडी नीट कशी पाहावी

ओसाकाजवळच्या साकाइ शहरातल्या दाइसेन कोफुनसमोर आलेले पाहुणे पाच मिनिटांत परत फिरताना दिसतात. समोर पाण्याचा खंदक, पलीकडे गर्द झाडी, अलीकडे कठडा. माहितीपत्रकावर मात्र आकाशातून टिपलेला तो प्रसिद्ध फोटो असतो: कुलपाच्या किल्लीच्या भोकासारखी हिरवी टेकडी, भोवती तीन खंदक आणि त्यांना खेटून दाटलेली घरं. तो आकार जमिनीवरून दिसत नाही. तो दिसेल या आशेने आलात तर हिरमोड ठरलेला.

म्हणून माझा पहिला सल्ला क्रमाबद्दल आहे. सगळ्यात मोठी टेकडी सगळ्यात शेवटी पाहा. आधी एका कोफुनवर चढा, मग एकाच्या पोटात शिरा आणि त्यानंतरच त्या बंद, झाडांनी भरलेल्या टेकडीसमोर जा. तोवर झाडांखाली काय आहे हे तुम्हाला ठाऊक झालेलं असतं, आणि तीच झाडी वेगळी दिसू लागते.

निघण्यापूर्वी

तिसऱ्या शतकाच्या मध्यापासून सातव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जपानमध्ये सत्ताधीशांना आणि सरदारांना मातीच्या टेकड्यांमध्ये पुरलं जाई. या टेकड्यांना कोफुन म्हणतात. देशभरात त्या सुमारे 1,60,000 आहेत. बहुतेक साध्या गोल किंवा चौकोनी आणि लहान. मोठ्या राजांसाठी वापरलेला खास आकार म्हणजे एक गोल आणि त्याला जोडलेला पुढे रुंदावत जाणारा भाग. मुख्य दफन गोल भागाच्या माथ्यावर होई. पुढचा भाग विधींसाठी असावा, असा अंदाज आहे.

तीन गोष्टी डोक्यात ठेवून निघालात तर कुठलीही टेकडी वाचता येते. पहिली, या टेकड्यांना पायऱ्यापायऱ्यांचे टप्पे असतात, मोठ्यांना सहसा तीन. दुसरी, उतारांवर गोटे बसवलेले असत. आज दिसणारी झाडी नंतरची. बांधली तेव्हा टेकडी उघडी, दगडी आणि लांबून चकाकणारी होती. तिसरी, टप्प्यांच्या कडेने ‘हानिवा’ नावाची भाजक्या मातीची नळकांडी ओळीने पुरलेली असत, कुंपणासारखी. पुढे त्यात घरं, घोडे, पाणपक्षी, योद्धे, गाणारी माणसं अशी शिल्पंही आली.

घरी बसून गूगल मॅप्सचं सॅटेलाइट दृश्य उघडा आणि साकाइ, मग तिथून पूर्वेला हाबिकिनो आणि फुजिइदेरा ही शहरं पाहा. रस्ते, शाळा, छपरं यांच्या मध्ये हिरवी किल्लीची भोकं एकामागून एक सापडत जातात. हा भाग म्हणजे मोझु-फुरुइची समूह. त्यातल्या 49 कोफुनना जुलै 2019 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. वरून पाहण्याची हौस इथेच भागवून घ्या. प्रत्यक्षात ती फारशी भागणार नाही.

बंद आणि उघड्या टेकड्या

सम्राटांच्या किंवा राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मानल्या गेलेल्या टेकड्या ‘कुनाइचो’ म्हणजे राजघराण्याचा कारभार पाहणारं सरकारी खातं सांभाळतं. त्यांच्यावर पाय ठेवता येत नाही. दर्शनासाठी एका बाजूला खडी पसरलेलं प्रांगण, तोरी कमान आणि दगडी कुंपण असतं. शेजारच्या फलकावर तीन नियम असतात: आत शिरू नये, मासे-पक्षी पकडू नयेत, झाडं-बांबू तोडू नयेत. संशोधकांनाही परवानगी क्वचितच मिळते.

बाकीच्या टेकड्या नगरपालिका, प्रांत किंवा राष्ट्रीय उद्यानांकडे आहेत. त्यातल्या अनेकांवर चढता येतं आणि काहींच्या आतही जाता येतं. नकाशावरचं नाव ‘तेन्नो-र्यो’ने संपत असेल तर ती सम्राटाची समाधी, म्हणजे बंद. नुसतं ‘कोफुन’ असेल तर उघडी असण्याची शक्यता बरी.

या वाटणीत एक गंमत आहे. कोणती टेकडी कोणत्या सम्राटाची, हे पुष्कळदा एकोणिसाव्या शतकापर्यंत जुन्या ग्रंथांच्या आधारे ठरवलं गेलं. पुरातत्त्व नंतर आलं आणि काही ठिकाणी त्याचं मत वेगळं पडलं. त्यामुळे एखाद्या सम्राटाची अधिकृत समाधी कुलूपबंद, आणि संशोधकांच्या मते खरी असलेली दुसरीच टेकडी मुलांच्या खेळण्याचं मैदान, असंही घडलं आहे. तीही आपल्या वाटेवर आहे.

पहिली पायरी: चढून पाहा

कोबे शहराच्या पश्चिमेकडच्या तारुमी भागात गोशिकिझुका कोफुन आहे. माझ्या मते सुरुवातीसाठी याच्याइतकी चांगली जागा नाही. चौथ्या शतकाच्या अखेरची, 194 मीटर लांबीची ही टेकडी 1965 ते 1975 या काळात दुरुस्त करून मूळ रूपात आणली गेली. झाडं काढली, गोटे पुन्हा बसवले, हानिवांच्या प्रतिकृती ओळीने उभ्या केल्या. प्रवेश मोफत.

ओसाकाहून जेआरच्या (जपान रेल्वेच्या) कोबे मार्गाने तारुमी स्टेशनला उतरा आणि पंधरा मिनिटं चाला, किंवा सान्यो रेल्वेच्या कासुमिगाओका स्टेशनवरून त्याहून थोडं कमी. रस्ता साध्या वस्तीतून जातो. घरांच्या रांगा संपतात आणि एकदम करड्या दगडांचा उतार समोर येतो.

पायऱ्यांनी आधी पुढच्या भागावर चढा आणि तिथे थांबा. मागे वळून गोल भागाकडे पाहा: खालून न कळणारा आकार इथे, आतून, पहिल्यांदा कळतो. मग मधली अरुंद कंबर ओलांडून गोल भागावर जा. हा माथा सुमारे 18 मीटर उंच आहे. समोर ‘आकाशी’ नावाची सामुद्रधुनी, तिच्यावरचा आकाशी काइक्यो पूल आणि पलीकडे आवाजी बेट. टेकडी इथेच का बांधली, याचं उत्तर या दृश्यात आहे. सामुद्रधुनीतून जाणाऱ्या प्रत्येक नावेला ती चकाकणारी दगडी टेकडी दिसत असणार. इथला धनी या पाण्यावर हुकमत राखून होता, हे सांगायला वेगळ्या शिलालेखाची गरज नव्हती.

उतरताना गोट्यांकडे वाकून पाहा. एकूण गोटे सुमारे 22 लाख असावेत असा हिशेब आहे, आणि त्यातले काही आवाजी बेटावरून आणलेले आहेत. आठव्या शतकातल्या ‘निहोन शोकी’ या इतिहासग्रंथातही आकाशीतल्या समाधीसाठी आवाजीहून दगड आणल्याचा उल्लेख येतो. हानिवांच्या रांगांमधून चालताना नळकांड्यांमधलं अंतर पाहून ठेवा. तेवढी गर्दी पूर्वी प्रत्येक टप्प्यावर होती.

हातात आणखी अर्धा दिवस असेल तर ओसाका आणि क्योटोच्या मध्ये ताकात्सुकी इथे जा आणि इमाशिरोझुका पाहा. मघाशी म्हटलेली मैदान झालेली टेकडी हीच. सहाव्या शतकातले सम्राट केइताइ यांची अधिकृत समाधी शेजारच्या इबाराकी शहरात आहे, पण बहुतेक पुरातत्त्वज्ञ खरी समाधी इमाशिरोझुका मानतात. अधिकृत यादीत नसल्यामुळे इथे उत्खनन करता आलं आणि आज लोक इथे कुत्री फिरवतात. खंदकाच्या कडेच्या बांधावर हानिवांची अख्खी मिरवणूक प्रतिकृतींमधून मांडली आहे: घरं, कोंबडे, घोडे, पुजारिणी, कुस्तीगीर. राजाच्या अंत्यविधीचा देखावा एवढा पूर्ण दुसरीकडे सहसा पाहायला मिळत नाही. शेजारचं संग्रहालय मोफत आहे. मुलं बरोबर असतील तर हे ठिकाण चुकवू नका.

दुसरी पायरी: आत शिरा

सुरुवातीच्या काळात मृताला टेकडीच्या माथ्यावर खड्डा खणून पुरत आणि वरून बंद करून टाकत. पुढे आशियाच्या मुख्य भूमीवरून आडव्या दगडी खोल्यांची पद्धत आली: बाजूने बोगदा, आत खोली. आपल्याला आत जाता येतं ते या उत्तरकालीन समाध्यांमध्ये, आणि त्यासाठी नारा प्रांतातल्या आसुका गावासारखी जागा नाही.

ओसाकाच्या तेन्नोजी स्टेशनला लागूनच किन्तेत्सु या खासगी रेल्वेचं आबेनोबाशी स्टेशन आहे. तिथून आसुकाला थेट गाडी जाते. जादा पैसे देऊन स्पेशल एक्सप्रेस घेतली तर सुमारे चाळीस मिनिटं. जेआर पास या मार्गावर चालत नाही, तिकीट वेगळं काढावं लागतं. आसुका स्टेशनबाहेर पडताच सायकली भाड्याने मिळतात. गाव पसरलेलं आहे आणि बस तुरळक, तेव्हा सायकलच घ्या. चढाची सवय नसेल तर थोडे जास्त पैसे देऊन बॅटरीवाली.

स्टेशनजवळ पहिलं ठिकाण लागतं ताकामात्सुझुका. इथली गोष्ट आल्यापासून सुरू होते. 1960च्या दशकात एका गावकऱ्याने आलं साठवायला खड्डा खणला आणि खाली घडीव दगड लागला. 1972 च्या मार्चमध्ये उत्खनन झालं तेव्हा आतल्या छोट्याशा दगडी खोलीच्या भिंतींवर रंगीत चित्रं निघाली: पट्ट्यापट्ट्यांचे घागरे घातलेल्या दरबारी स्त्रिया, पुरुष, दिशांचे रक्षक प्राणी, छतावर नक्षत्रं. संपूर्ण जपानमध्ये खळबळ उडाली.

त्यानंतरचा भाग वाईट आहे. हवाबंद काळोखात तेराशे वर्षं टिकलेल्या चित्रांवर शोधानंतरच्या काही दशकांत बुरशी चढली. शेवटी 2007 मध्ये दगडी खोलीच सुटी करून बाहेर काढावी लागली आणि चित्रांवर कार्यशाळेत वर्षानुवर्षं उपचार झाले. आज तिथे गवताची नीटनेटकी गोल टेकडी आणि शेजारी प्रतिकृतींचं छोटं दालन आहे. दालन आधी पाहा, टेकडी नंतर. कुनाइचो आपल्या टेकड्या का उघडत नाही, यावर कितीही वाद असोत, ताकामात्सुझुकाचं उदाहरण त्या वादात दरवेळी काढलं जातं.

वेळ असेल तर दक्षिणेला किटोरा कोफुनही करा. चोरांनी पूर्वी पाडलेल्या भोकातून 1983 मध्ये फायबरस्कोप, म्हणजे आत डोकावायची बारीक लवचिक नळी, घातली, तेव्हा उत्तरेच्या भिंतीवर कासव आणि साप दिसले. छतावर ताऱ्यांचा नकाशा आहे. शेजारचं ‘शिजिन नो याकाता’ दालन मोफत आहे. अस्सल चित्रं वर्षातून ठरावीक काळातच दाखवतात आणि त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो. तारखा जुळवता आल्या तर प्रवासच त्यानुसार आखा.

स्टेशनकडून गावात शिरताना रस्त्यालगत एका बाजूला ‘राक्षसाची चिरण्याची फळी’ आणि दुसऱ्या बाजूला ‘राक्षसाचा संडास’ नावाचे दोन प्रचंड दगड आहेत. लोककथेतला राक्षस इथे वाटसरूंना कापून खाई, वगैरे. खरं तर ही एकाच मोडक्या कोफुनची दगडी खोली: तळ जागेवर राहिला, वरचा भाग उतारावरून घरंगळून उलटा पडला. दोन्ही दगड पाहून मनातल्या मनात एकावर एक ठेवून पाहा. बंदिस्त दफनखोली कशी असते हे यातून जेवढं कळतं तेवढं आकृत्यांमधून कळत नाही.

तिथून जवळच सम्राट तेम्मु आणि सम्राज्ञी जितो यांची समाधी आहे. ती बंद आहे, पण दोन मिनिटं थांबण्यासारखी. जितो ही दहन झालेली जपानची पहिली सम्राज्ञी. भारतातून निघून चीन, कोरियामार्गे आलेला बौद्ध धर्म तोवर इथे रुजला होता. सत्ता दाखवायला टेकड्यांऐवजी मंदिरं उभी राहत होती आणि दफनाची जागा दहन घेऊ लागलं होतं. कोफुनचा काळ संपण्यामागे हे एक मोठं कारण. 1235 मध्ये चोरांनी ही समाधी फोडली, आणि त्या चोरीच्या नोंदींमुळेच आत काय होतं ते आज माहीत आहे.

सर्वांत शेवटी इशिबुताई. इथे मातीची टेकडी कधीच नाहीशी झाली आहे, उरला आहे फक्त दगडी सांगाडा. तीसेक शिळा, एकूण वजन सुमारे 2,300 टन, आणि छताच्या दोन शिळांपैकी मोठी एकटीच सुमारे 77 टन. प्रवेशशुल्क किरकोळ आहे. आधी बाहेरून एक फेरी मारा, मग बोगद्यातून आत उतरा. खोली जवळपास पावणेआठ मीटर लांब आणि पावणेपाच मीटर उंच आहे. शिळांच्या फटींतून उजेड आत येतो. जमिनीकडे पाहा: पाणी वाहून जाण्यासाठी दगडी चर काढलेले आहेत. चौदा शतकं हे बांधकाम उभं आहे, त्याचं बरंचसं श्रेय या साध्या चराला.

ही समाधी सोगा नो उमाको या बलाढ्य मंत्र्याची असावी, असं मानतात. तो 626 मध्ये वारला. जपानमध्ये बौद्ध धर्माच्या बाजूने लढलेला हा माणूस. त्याने बांधवलेलं आसुका-देरा मंदिर सायकलने थोड्याच अंतरावर आहे. मंदिर बांधणाराच शेवटी दगडी खोलीत झोपला. दोन्ही एकाच दुपारी पाहावीत.

एप्रिलच्या सुरुवातीला इशिबुताईभोवती चेरी फुलते आणि गर्दी होते. सप्टेंबरच्या अखेरीस भातशेतांच्या बांधांवर लाल हिगानबाना फुलतात, आणि मला विचाराल तर आसुकाचा खरा मोसम तोच.

परतीची गाडी त्याच मार्गावरच्या फुरुइची स्टेशनवर थांबते. उजेड शिल्लक असेल तर उतरा. दुसऱ्या क्रमांकाची 425 मीटर लांबीची टेकडी, सम्राट ओजिन यांची मानली जाणारी, तिथून चालत जाण्याइतकी जवळ आहे.

तिसरी पायरी: आता दाइसेन

आता साकाइला जा. तेन्नोजीहून जेआर हान्वा मार्गाने मोझु स्टेशन सुमारे वीस मिनिटांवर आहे. कान्साइ विमानतळाकडून जलद गाडीने येत असाल तर मोझुच्या एक स्टेशन पुढे, मिकुनिगाओकाला उतरून गाडी बदलता येते. त्या स्टेशनच्या गच्चीवरून दाइसेनची झाडी दिसते, दोन गाड्यांच्या मध्ये वर जाऊन या.

मोझुला उतरून आधी दाइसेन उद्यानातल्या साकाइ शहर संग्रहालयात शिरा, टेकडीकडे नंतर वळा. 1872 मध्ये टेकडीच्या पुढच्या भागाचा काही अंश ढासळला आणि आतली दगडी खोली उघडी पडली. तेव्हा काढलेल्या चित्रांवरून केलेल्या दगडी शवपेटीच्या आणि सोनेरी मुलाम्याच्या चिलखताच्या प्रतिकृती इथे आहेत. मोठ्या पडद्यावर आकाशातून दिसणारं रूपही दाखवतात.

मग रस्ता ओलांडून दर्शनाच्या जागी या. तोरी, खडी, खंदक. जवळ स्वयंसेवक गाइड उभे असतात, ते पैसे घेत नाहीत. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी त्यांच्याजवळच्या फोटोंच्या फाइलमुळे काम भागतं.

आता आकडे आठवा. टेकडीची लांबी बरीच वर्षं 486 मीटर सांगितली जाई. पाण्याखालचा भाग मोजल्यावर 2018 मध्ये ती 525 मीटर निघाली. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या पायाची बाजू सुमारे 230 मीटर आहे. ओबायाशी या बांधकाम कंपनीने 1985 मध्ये हिशेब मांडला होता: प्राचीन अवजारांनी, दिवसाला जास्तीत जास्त 2,000 मजूर लावले, तर 15 वर्षं 8 महिने लागतील. गोशिकिझुकाचे गोटे पायाखालून गेले असतील तर हे आकडे नुसते आकडे राहत नाहीत. तीच टप्प्यांची टेकडी, तेच हानिवा, लांबीने अडीचपटीहून जास्त, झाडांखाली.

ही समाधी अधिकृतपणे सम्राट निंतोकु यांची. जवळच दक्षिणेला असलेली 365 मीटरची टेकडी त्यांचा मुलगा रिचू यांची मानतात. अडचण अशी की पुरातत्त्वाच्या हिशेबाने मुलाची टेकडी बापाच्या टेकडीपेक्षा जुनी ठरते. म्हणूनच अभ्यासक सम्राटाचं नाव टाळून ‘दाइसेन कोफुन’ म्हणतात. 2018 मध्ये कुनाइचोने प्रथमच साकाइ शहराला बरोबर घेऊन खंदकाच्या बांधावर उत्खनन केलं. फरशीसारखे लावलेले गोटे आणि हानिवांच्या रांगा सापडल्या. मुख्य टेकडी मात्र अजून बंदच.

भोवतालची प्रदक्षिणा 2.8 किलोमीटरची आहे, पाऊणएक तास लागतो. खरं सांगायचं तर निम्मा रस्ता घरांच्या मागच्या भिंती पाहण्यात जातो. चालणं आवडत असेल तरच करा. नाहीतर तो वेळ जवळच्या इतासुके कोफुनला द्या. 1950च्या दशकात ही टेकडी सपाट करून घरं बांधायचं ठरलं होतं. स्थानिक नागरिकांनी आणि अभ्यासकांनी चळवळ केली आणि ती वाचवली. त्या वेळच्या पुलाचे अवशेष अजून खंदकात उभे आहेत. वारसा आपोआप टिकत नाही, याचा मोझुतला एवढा ठसठशीत पुरावा दुसरा नाही.

उंचावरून पाहायचंच असेल तर साकाइ महापालिकेच्या इमारतीचा एकविसावा मजला मोफत खुला असतो. तिथूनही किल्लीचं भोक दिसत नाही, पण शहरातून वर आलेली बसकी हिरवी टेकडी दिसते आणि तिचा पसारा लक्षात येतो.

बरोबर काय न्यावं, कसं वागावं

जून ते सप्टेंबर दमट उकाडा आणि डास असतात. अंगभर कपडे, टोपी आणि डासांचं मलम हवंच. झाडीच्या कडेला गांधीलमाशा असतात, भडक अत्तर टाळा. पायात पकड असलेले बूट. गोट्यांचे उतार आणि बोगदे पावसात निसरडे होतात. बोगद्यांसाठी छोटा टॉर्च उपयोगी पडतो.

संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात, सोमवारी सुट्टी आली तर मंगळवारी. वर्षअखेरीसही बंद. आसुकात सुटी नाणी जवळ असू द्या. कचरापेट्या शोधून सापडत नाहीत, पिशवी बरोबर ठेवा.

शाकाहारी मंडळींनी जपावं: साध्या दिसणाऱ्या आमटीत, नूडल्सच्या रश्श्यात माशाचा अर्क असतोच. आसुकात दुपारी फारसे पर्याय नसतात, डबा घेऊन जाणं शहाणपणाचं.

या समाध्या आहेत. दर्शनाच्या जागी आवाज खाली ठेवा, कुंपणावर बसू नका, ड्रोन उडवू नका. वाकून नमस्कार केलात तर चांगलंच, सक्ती नाही. उतारावर खापराचा तुकडा सापडला तर तिथेच राहू द्या. तो हानिवाचा असू शकतो आणि उचलून नेणं कायद्याने महागात पडतं.

टोकियोत राहणाऱ्यांसाठी

निशी-कासाईत आणि आसपास मराठी कुटुंबं बरीच आहेत, आणि दरवेळी ओसाकाला जाणं जमत नाही. त्यांच्यासाठी साइतामा प्रांतातल्या ग्योदा शहरातलं साकितामा कोफुन उद्यान उत्तम. उएनोहून जेआर ताकासाकी मार्गाने फुकिआगे स्टेशन सुमारे तासाभरावर, तिथून बस. नऊ मोठ्या टेकड्या एकाच मोकळ्या गवताळ उद्यानात आहेत. मारुहाकायामा या गोल टेकडीवर चढा. 1590 मध्ये ओशी किल्ल्याला वेढा घालताना इशिदा मित्सुनारी या सरदाराने आपली छावणी इथेच टाकली होती.

मग इनारियामावर जा. 1968 मध्ये इथे गंजलेली लोखंडी तलवार सापडली. दहा वर्षांनी तिचा एक्स-रे काढला तेव्हा गंजाखाली सोन्याने जडवलेली 115 अक्षरं दिसली: तलवार बाळगणाऱ्याची आठ पिढ्यांची वंशावळ, ‘वाकाताकेरु’ या महाराजाचं नाव आणि एक वर्ष, बहुधा इ.स. 471. कोफुनकाळातल्या माणसाने स्वतःबद्दल लिहिलेलं इतकं विस्ताराने क्वचितच मिळतं. ती राष्ट्रीय ठेवा ठरलेली तलवार उद्यानातल्याच संग्रहालयात आहे, म्हणून संग्रहालयाच्या सुट्टीचा दिवस टाळा. शोगुनयामा टेकडीच्या आत शिरून दफनाची मांडणी पाहता येते, लहान मुलांना तेच सगळ्यात आवडतं. बस कमी आहेत. उतरल्याबरोबर परतीच्या वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा.